बगळ्याचं तोंड कुठल्या बाजूला

शनिवारी साडेआठ वाजले की खालून हाक यायची, “बाय, बगळे लागले का?”

लागले म्हणजे खेळायला लागले. बगळे म्हणजे इंग्लंडातला एक फुटबॉल क्लब. वरून मोजला तर तिसऱ्या पायरीवरचा, आणि त्या पायरीवरही पार तळाच्या कोपऱ्यात बसलेला. त्याच्या बिल्ल्यावर बगळा, म्हणून आमच्या गल्लीत त्याचं नाव बगळे. खरं नाव इंग्रजीत भलंमोठं आहे आणि त्यातली तीन अक्षरं उच्चारायचीच नाहीत. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते खरोखर चिडले होते. “बोलायची नाय, तर मंग माझ्याकडून कोरून कशाला घेतली?” एवढं बोलून त्यांनी ते नाव कायमचं टाकून दिलं.

काका म्हणजे माझे घरमालक. चिंचणीत त्यांच्या माडीवर मी चार वर्षं भाड्याने राहिले. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी केमिस्ट होते, कंपनीच्या बसने जायचे आणि संध्याकाळी तोंड कडू करून परत यायचे. फुटबॉलमधलं मला काही कळत नव्हतं आणि काकांना त्याहून कमी. ज्या क्लबासाठी त्यांनी अख्खा मोसम जीव टाकला, त्याचा एकही सामना त्यांनी डोळ्यांनी पाहिला नाही. तिसऱ्या पायरीवरचे सामने आपल्याकडे दाखवतच नाहीत. माझ्या मोबाइलवर दर मिनिटाला इंग्रजीत दोन ओळी यायच्या, त्या मी मराठीत वाचून दाखवायचे आणि काका ओटीवर मांडी घालून, डोळे मिटून ऐकायचे, पोथी ऐकावी तसे.

काकांचा धंदा डाय करण्याचा. दागिन्याची डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा. त्यावर नक्षी खोल आणि उलटी कोरायची. मग त्यावर सोन्याचा नाहीतर पितळेचा पातळ पत्रा दाबला की तीच नक्षी पत्र्यावर उठून येते, सुलटी. चिंचणीत गल्लोगल्ली हे काम चालतं. सकाळी पाणी भरायच्या वेळेपासून टकटक सुरू होते. पहिला महिनाभर मला त्या आवाजाने वेड लागायची पाळी आली, नंतर सुट्टीच्या दिवशी तो थांबला की जाग यायला लागली.

पन्नास वर्षं उलटं कोरून काकांचं बाकीचंही बरंच काही उलटं झालं होतं. समोरून ॲम्ब्युलन्स आली की तिच्यावरची उलटी अक्षरं ते एका दमात वाचायचे, आणि बोईसर स्टेशनचा सरळ बोर्ड वाचायला खिशातला चष्मा शोधायचे. डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर सरकवून ते विसरायचे. एका लग्नात ते तसेच आहेर द्यायला उभे राहिले आणि अल्बममध्ये कायमचे जाऊन बसले. कुठलीही यादी ते खालून वर वाचायचे, मग ती दहावीच्या निकालाची असो की ग्रामपंचायतीच्या उमेदवारांची. आणि एक वाक्य त्यांच्या तोंडात बसलं होतं : “डायमदे जे खोल जाते, तेच वर उठते.” शेजारचा मुलगा नापास झाला तेव्हा त्याच्या आईला त्यांनी हेच ऐकवलं. बोईसरच्या रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल मी कुरकुर केली, तेव्हाही हेच.

पण हात सोन्याचा होता. विशेषतः मोर. कुड्यांवरचा, बांगडीवरचा, तोड्याच्या टोकावरचा. नखाएवढ्या जागेत पिसाऱ्यातला डोळा न् डोळा वेगळा दिसायचा. मुंबईचे दलाल मोराचं काम असलं की दुसरं दार वाजवत नसत. काकी, म्हणजे त्यांची बायको, नवऱ्याचं कौतुक सहसा करायची नाही, पण मोराचा विषय निघाला की म्हणायची, “तेवढं मातर देवानं दिलंय यांना. बाकी अक्कल द्यायची रायली.”

आता बगळ्याकडे येते.

एका पावसाळ्यात मुंबईच्या दलालाने काकांना एक वेगळं काम दिलं होतं. इंग्लंडातल्या कुठल्याशा क्लबाच्या बिल्ल्याची डाय. कागदावर चित्र आलं, काकांनी डाय केली, डायबरोबर कागदही परत गेला. मुंबईत बिल्ले पाडले, ते बोटीने नाहीतर विमानाने तिकडे पोचले. दलालाने नमुन्याचा एक बिल्ला काकांना पाठवला. तो त्यांनी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवला. साता समुद्रापलीकडे गेलेलं आपलं पहिलं काम म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे.

मलाही दाखवला. मी शहाणी. लगेच मोबाइलवर तो क्लब शोधला. “हे बघा काका, तुमचा बगळा,” म्हणून त्यांच्या हातात मोबाइल दिला. काकांनी भिंग डोळ्यावर ओढलं. पडद्याकडे बघितलं, बिल्ल्याकडे बघितलं, परत पडद्याकडे.

पडद्यावरचा बगळा उजवीकडे बघत होता. बिल्ल्यावरचा डावीकडे.

“अक्षरं बरोबर उलटी कोरली,” ते हळूच म्हणाले, “आणि पक्षी सुलटाच कोरून बसलो.”

“अहो, पण तपासलं असेल ना तुम्ही?”

“मेण दाबून ठसा बघतो आमी. त्या दिवशी बगितला का नाय, काय केल्या आठवत नाय.” मग म्हणाले, “अक्षर उलटं झालं तर ते वरडते, बाय. पक्षी वरडत नाय.”

विषय बदलावा म्हणून मी म्हटलं, बघू तरी क्लब कसा आहे. आणि गुणांचा तक्ता उघडला. काकांनी सवयीप्रमाणे तो खालून वाचला, त्यामुळे बगळे लगेच सापडले. चोवीस संघांत तेविसावे. सहा सामने, पाच हार, एक बरोबरी. मोसम संपताना खालचे चार संघ आणखी एक पायरी खाली ढकलले जातात हेही मीच वाचून दाखवलं. माझ्या जिभेला हाड नाही.

“बिल्ले कधी पोचले तिकडं?”

“ऑगस्टमध्ये असतील.”

“आणि खेळ कधी सुरू झाला?”

“ऑगस्टमध्ये.”

काका उठले आणि हातपाय धुऊन आले. “बगळ्याचं तोंड मी फिरवलं,” ते म्हणाले. “तो मागं उडतोय.”

दुसऱ्या दिवशी काकीने मला वर येऊन सांगितलं की काकांनी पक्षी कोरायचं सोडलं. मोर, पोपट, हंस, सगळं. बगळे सुरक्षित होईपर्यंत पानं आणि फुलंच. आणि बगळे खाली गेले तर कायमची पानं-फुलं. काकीच्या बहिणीच्या मुलीचं माहीमला लग्न ठरलं होतं. तिला काकांच्या हातच्या मोराच्या कुड्या हव्या होत्या. काकी दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी सारखी बोलत राहिली.

मी काकांना समजवायला गेले. विज्ञान सांगितलं. बिल्ल्याचा आणि हरण्याचा संबंध नसतो वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ते जाऊ दे. पण माझा हात चुकला का नाय? इतक्या वर्षांत चुकला नव्हता. आता चुकला. पुढचा मोर चुकणार नाय कशावरून?” तेव्हा मला कळलं की हा माणूस बगळ्यांना घाबरत नाहीये, स्वतःच्या डोळ्यांना घाबरतोय. बगळे जिंकले तर त्याला तेवढाच आधार होता.

मग काय, मीही बगळ्यांची झाले. पाप माझंही होतंच.

आधी मी दुसऱ्या दिवशी नुसता निकाल सांगायचे; नोव्हेंबरपासून शनिवारी सामनाच वाचायला लागले आणि हळूहळू गल्ली जमायला लागली. समोरचे दोन डायवाले, मासळी विकून आलेली एक मावशी, काकी तांदूळ निवडत. मी वाचायचे : “अठ्ठाविसावं मिनिट. बगळ्यांचा फटका, गोलखांबाच्या वरून गेला.” काका विचारायचे, “किती वरून?” मोबाइलवर ते लिहिलेलं नसायचं. मी ठोकून द्यायचे, “माडीएवढा.” मावशी हळहळायची. एकदा मैदान गोठलं म्हणून सामना पुढे ढकलला. मावशी म्हणाली, “आमचा तर धंदाच बर्फावर हाय. आमी बसतो का घरी?”

काकांचा आवडता खेळाडू गोलकीपर. कारण विचारलं तर म्हणाले, “सगळ्यात जास्त काम त्याच्याकडं येते. आणि एवढ्या येळा पडून पण उठतो बिचारा.” त्याच्या नावाने काकीने एकदा नारळही फोडला. त्या सामन्यात त्याने चार गोल खाल्ले.

मार्चच्या शेवटी तर गंमतच झाली. आम्ही नेहमीसारखे साडेआठला जमलो, तर सामना अर्धा होऊन गेलेला आणि बगळ्यांवर दोन गोल चढलेले. इंग्लंडातली माणसं उन्हाळ्याच्या तोंडावर घड्याळं तासभर पुढे करतात, हे मला माहीत नव्हतं. काका तिसऱ्या दिवसापर्यंत धुसफुसत होते. “घड्याळ फिरवतात? आपल्या मर्जीनं? आणि मी एक बगळा फिरवला तर एवढं!”

पण त्याआधीची पोस्टाची गोष्ट राहिली. थंडीत काकांनी नवी डाय केली होती. पक्षी कोरायचा नाही हा नियम या एका बगळ्यापुरता मोडला, कारण तो नवा पक्षी नव्हता, चुकीची दुरुस्ती होती. या वेळी त्यांनी तीनदा मेण दाबलं आणि तिन्ही वेळा मला बोलावून विचारलं, “कुठं बगतो?” मी तिन्ही वेळा म्हटलं, “उजवीकडे.” गावातल्याच एकाकडून पितळेचे तीस बिल्ले पाडून घेतले. दलालाच्या खनपटीला बसून पत्ता मिळवला. तो क्लबाचा नव्हता, क्लबाच्या चाहत्यांच्या मंडळाचा होता. बिल्ले त्यांनीच करून घेतले होते म्हणे. काकांना हे फार पटलं. “मंडळ हाय ना, मंग बरं. आपल्या गणपतीच्या मंडळासारखं. भांडत असतील, पण काम करतील.”

पत्र मी इंग्रजीत लिहिलं, काकांनी सांगितलं तसं : माझ्या हातून पक्ष्याचं तोंड चुकलं, त्यामुळे तुमच्या संघाला त्रास होतोय, बरोबर तोंडाचे बिल्ले पाठवत आहे, जुने काढून टाका, म्हाताऱ्या माणसाला माफ करा. पोस्टात कारकुनाने विचारलं, “आत काय आहे?” काका म्हणाले, “पक्षी.” कारकुनाने पेन खाली ठेवलं. “जिवंत?” काका म्हणाले, “तेच आता तिकडच्यांच्या हातात हाय.”

आणि खरं सांगते, पार्सल पोचलं असेल त्या सुमाराला बगळ्यांनी लागोपाठ तीन सामने जिंकले. गल्लीत पेढे वाटले. मीसुद्धा, विज्ञानाची पदवीधर, ऑफिसच्या कॅल्क्युलेटरवर गुणांची गणितं करायला लागले. मग ते दोन गोलांचं घड्याळ आलं, मग आणखी दोन हारी, आणि सगळं शेवटच्या सामन्यावर येऊन ठेपलं. जिंकले तर वाचले. बरोबरीही चालणार नव्हती.

तो सामना तिकडे भर दुपारी, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी पाचला होता. मी अर्धी रजा टाकली. मॅनेजरने कारण विचारलं, मी म्हटलं घरचं काम आहे, आणि ते खोटं नव्हतं. ओटी भरून गेली होती. काकांनी स्वच्छ सदरा घातला होता, भिंग मात्र कपाळावर होतंच. विसाव्या मिनिटाला बगळ्यांनी गोल केला. मावशीने मला एवढ्या जोरात धपाटा घातला की मोबाइल हातातून पडला. सत्तराव्या मिनिटाला समोरच्यांनी बरोबरी केली. शेवटची वीस मिनिटं मी ओळी जशाच्या तशा वाचल्या, एकही पदरची घातली नाही. गोलकीपरसुद्धा पुढे धावत गेला, त्याने डोक्याने चेंडू मारला, तो खांबाला लागला. मग शिट्टी वाजल्याची ओळ आली.

काकीच्या मांडीवरच्या ताटातले तांदूळ तसेच राहिले. काका उठले, मला म्हणाले, “बाय, तू चांगलं वाचलंस,” आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी टकटक सुरू झाली, पानं-फुलांची. मे महिन्यात माहीमचं लग्न झालं. नवरीने वेलबुट्टीच्या कुड्या घातल्या आणि काकांनी मांडवात तिच्याकडे एकदाही नीट बघितलं नाही. मला वाईट वाटत होतं, आणि रागही येत होता, कोणाचा ते कळत नव्हतं. माझाच असावा.

जूनमध्ये इंग्लंडहून पाकीट आलं. पोस्टमन सही घ्यायला थांबला होता, सही झाल्यावरही थांबला. आत एक पत्र आणि एक फोटो होता. पत्र मंडळाच्या चिटणिसाचं. आयुष्यभर बस चालवून आता निवृत्त झालेला माणूस, अक्षर मोठं आणि गोल. मी ओटीवर बसून एकेक ओळ मराठीत सांगायला लागले.

त्याने लिहिलं होतं की त्यांच्या क्लबाचा बगळा आजोबा-पणजोबांच्या काळापासून डावीकडेच बघतो. मोसमाच्या तोंडावर नवे मालक आले. डावीकडे बघणारा पक्षी भूतकाळात बघतो, असं त्यांना कोणा सल्लागाराने सांगितलं, म्हणून त्यांनी बगळ्याचं तोंड फिरवलं. चाहते खवळले. मंडळाने निषेध म्हणून जुना, डावीकडचा बगळा असलेले बिल्ले करून घ्यायचं ठरवलं. ते काम फिरत फिरत चिंचणीला आलं होतं.

मी इथे थांबले. मी मोबाइलवर एक चित्र बघितलं होतं आणि निकाल दिला होता. प्रयोगशाळेत एकाच नमुन्यावर असा निकाल दिला असता, तर मला घरी बसवलं असतं.

“थांबली कशाला? वाच,” काका म्हणाले.

पुढे लिहिलं होतं : ‘तुमची दुसरी पेटी उघडली तेव्हा आम्हाला वाटलं, मालकांनी आता हिंदुस्थानातूनही आपला उजवीकडचा बगळा मागवून आमची थट्टा केली. एक-दोघांनी पेटी खाडीत टाकायला उचललीसुद्धा. मग तुमचं पत्र सापडलं. ते मी सभेत उभं राहून वाचलं. आमचा संघ बगळ्याचं तोंड फिरवल्यामुळेच बुडतोय असं आम्ही सगळेही ऑगस्टपासून म्हणत होतो, आणि लोक आम्हाला वेडे म्हणत होते. साहेब, या मोसमात मालक चुकले, प्रशिक्षक चुकले, खेळाडू चुकले. माफी मात्र एकट्या तुम्ही मागितलीत, आणि तुमची तर काही चूकच नव्हती.’

काकांनी हात पुढे केला. मी पत्र दिलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी त्यांनी भिंग लावून ते सगळं बघितलं.

“म्हंजे मेण मी लावलं होतं त्या दिवशी.”

“लावलं असणार, काका.”

“माझा हात चुकला नव्हता.”

“नव्हता. मी चुकले.”

मला वाटलं आता ते रागावतील. मी तयारही होते. पण त्यांनी फोटो उचलला आणि हसायला लागले, इतके की काकी पिठाच्या हातांनी बाहेर आली. फोटोत भिजक्या पायऱ्यांवर रेनकोट घातलेली तीसेक म्हातारी माणसं उभी होती आणि प्रत्येकाच्या छातीवर काकांचा पितळी बगळा उलटा टोचलेला होता. पाय वर, डोकं खाली. तसा टोचल्यामुळे तो डावीकडे बघत होता. मागे लिहिलं होतं, ‘आमचा मोसम असाच गेला.’

“बघ, बघ,” काका डोळे पुसत काकीला म्हणाले, “तिकडं पण आपल्यासारखीच येडी माणसं हायत.”

काकीने फोटो बघितला. मग नवऱ्याकडे बघितलं, आणि वर्षभराचं एकदम बाहेर आलं. “अवो, माझ्या भाचीचं लगीन झालं ना पाना-फुलांवर! आता हसतात!”

“मंग बारसं व्हईलच की कधीतरी,” काका म्हणाले आणि तिथेच बैठक मारून कोरा ठोकळा पुढे ओढला.

काकी भांडायची थांबून विचारायला लागली, “काय करता?”

“मोर. कुड्यांचा.”

“तोंड कुठं करणार त्याचं? नायतर परत सालभर बसाल.”

काकांनी कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं. “जोडी करतो. एक इकडं बगणारा, एक तिकडं,” ते म्हणाले. “आता बगू कोण चूक काडतो ती.”